ठिपक्याची जागा आणि ठिपक्याची किंमत

शालेय अंकगणिताचा सारा डोलारा ज्या थोड्या कल्पनांवर उभा आहे, त्यांत स्थानिक किंमत ही अगदी पायातली कल्पना आहे, आणि तरीही वर्गात ती सर्वांत घाईने उरकली जाते. एखाद्या अंकाची किंमत तो संख्येत कोणत्या जागी लिहिला आहे यावरून ठरते आणि उजवीकडून डावीकडे एकेक घर सरकताना त्या जागेची किंमत दहापट होत जाते, एवढाच या कल्पनेचा आशय आहे. ५५५ ही संख्या लिहिताना तेच चिन्ह तीन वेळा उमटते, पण उजवीकडचे पाच म्हणजे पाच सुट्या वस्तू, मधले पाच म्हणजे पन्नास आणि डावीकडचे पाच म्हणजे पाचशे. चिन्ह डोळ्यांना जे दिसते ती त्याची दर्शनी किंमत आणि त्याला जागेमुळे जी लाभते ती स्थानिक किंमत, ही व्याख्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत मावते व मुलांना ती चटकन पाठही होते. पाठ होणे आणि कळणे यांत किती अंतर राहिले आहे, हे मात्र उत्तरपत्रिकेवरून सहसा ध्यानात येत नाही, कारण ४७ मधील ४ ची स्थानिक किंमत ४० असे लिहिण्यासाठी चाळीस म्हणजे नेमके केवढे हे माहीत असावेच लागत नाही. चारापुढे एक शून्य द्यायचे, एवढा संकेत ठाऊक असला की पुरते.

हे अंतर उघडे पाडणारी एक साधी चाचणी गणितशिक्षणाच्या अभ्यासकांना परिचित आहे. अमेरिकेतील संशोधिका कॉन्स्टन्स कामी यांनी लहान मुलांसमोर सोळा सोंगट्या ठेवून त्या मोजायला आणि त्यांची संख्या कागदावर लिहायला सांगितले, मग लिहिलेल्या १६ मधल्या ६ भोवती वर्तुळ काढून ‘हा भाग सोंगट्यांमध्ये दाखव’ असे विचारले, तेव्हा मुलांनी सहा सोंगट्या बरोबर दाखवल्या. परंतु १ भोवती वर्तुळ काढून तोच प्रश्न विचारल्यावर अनेक मुलांनी दहा सोंगट्यांऐवजी एकच सोंगटी पुढे केली, आणि उरलेल्या नऊ सोंगट्या कोणत्याच अंकाच्या वाट्याला आल्या नाहीत याचे त्यांना काही वाटले नाही. बेरीज-वजाबाकीची उदाहरणे सोडवणारी मुलेही यांत होती. ही चाचणी कोणत्याही घरी दोन मिनिटांत करून पाहता येते, आणि प्रस्तुत पुस्तक हाती घेणाऱ्या शिक्षकांनी व पालकांनी ती आधी करावी असे आवर्जून सुचवावेसे वाटते. कारण या पुस्तकात रांगोळी, माळा, ठसे आणि गाठी यांचा जो विचार केला आहे, तो त्या बेवारस राहिलेल्या नऊ सोंगट्यांसाठीच आहे.

स्थानिक किंमत ही एक कल्पना म्हणून शिकवली जात असली तरी तिच्यात दोन वेगळ्या कल्पना गुंतलेल्या आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखल्याशिवाय कला कुठे उपयोगी पडते व कुठे तोकडी पडते हे कळणे अवघड आहे. पहिली कल्पना गटाची: दहा सुट्या वस्तू एकत्र बांधल्या की त्यांची मिळून एक नवी वस्तू होते, तिला दशक म्हणायचे, आणि असे दहा दशक पुन्हा बांधले की त्यांचा एक शतक होतो. यात मनाला एक अवघड कसरत करावी लागते, ती म्हणजे एकाच गोष्टीला एकाच वेळी ‘दहा’ आणि ‘एक’ अशा दोन्ही रूपांत पाहण्याची. दुसरी कल्पना जागेची: बांधलेल्या गटावर कसलीही खूण न करता, तो कोणत्या घरात ठेवला आहे एवढ्यावरूनच त्याची किंमत ओळखायची, आणि घर रिकामे असेल तर तो रिकामेपणाही लिहून दाखवायचा. काड्यांचे गठ्ठे बांधणारे मूल पहिली कल्पना शिकत असते, दुसरी नव्हे. कारण दहाचा गठ्ठा सुट्या काड्यांच्या डावीकडे ठेवला काय किंवा उजवीकडे ठेवला काय, तो दहाचाच राहतो.

या दोन कल्पना स्वभावतः वेगळ्या आहेत याची साक्ष इतिहासही देतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांच्या संख्या कोरलेल्या आहेत, आणि त्या वाचताना असे दिसते की दहासाठी, शंभरासाठी, हजारासाठी स्वतंत्र चिन्हे वापरली आहेत व शंभराच्या किंवा हजाराच्या चिन्हालाच जोड देऊन त्यांच्या पटी लिहिल्या आहेत. म्हणजे दहा-दहाचे गट करून विचार करण्याची पद्धत तेव्हा पक्की झाली होती, पण जागेने किंमत ठरवण्याची युक्ती त्या लेखनात आलेली नव्हती, आणि म्हणून शून्याच्या चिन्हाची गरजही पडली नव्हती. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दहापट असते हे तत्त्व सूत्ररूपाने सांगितलेले आढळते, आणि ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्यासह करावयाच्या क्रियांचे नियम मांडले. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात ८७६ सालचा जो शिलालेख आहे, त्यात देवासाठी फुलबाग करण्याकरिता दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात अशी नोंदली असून त्या बागेतून रोज ५० माळा देवाला मिळाव्यात अशी तरतूद केली आहे, आणि २७० व ५० या दोन्ही संख्यांतील शून्ये आजच्या वाचकालाही सहज ओळखू येतील अशी छोटी वर्तुळे आहेत. निश्चित कालाचा आणि स्पष्ट शून्य असलेला हा भारतातील महत्त्वाचा लेख फुलांच्या माळांचा हिशेब सांगतो, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने केवळ गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. मोजणी, बांधणी आणि सजावट या गोष्टी माणसाच्या व्यवहारात शेजारी-शेजारीच वाढल्या. त्यांची फारकत शाळेच्या वेळापत्रकाने केली.

मराठी मुलाच्या वाटेत आणखी एक अडसर असतो, तो भाषेचा. मराठीत दोन अंकी संख्यांची नावे एककापासून सुरू होतात आणि लेखन मात्र दशकापासून सुरू होते. ‘पंचवीस’ ऐकताना पाच आधी कानी पडतात व वीस मागून येतात, परंतु २५ लिहिताना दोन आधी उमटवायचे असतात, आणि म्हणूनच ऐकलेली संख्या उलटी लिहिण्याची चूक पहिली-दुसरीच्या वर्गांत इतकी आढळते. त्यात पुन्हा संधीने नावांची रूपे बदलतात: दोन या एकाच अंकासाठी बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव असे वेगवेगळे आरंभ तोंडी बसवावे लागतात, शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे पुढच्या दशकातून एक वजा करून तयार झालेली असल्यामुळे २९ लिहिणाऱ्या मुलाला कानावर ‘तीस’ पडत असताना हाताने दोन लिहावे लागतात, आणि हा नियम अंगवळणी पडेपर्यंत नव्व्याण्णव तो मोडून मोकळे होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘तीस दोन’ अशी वाचनाची जोडपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण समोर ठेवून तिचे समर्थन केले, तर अनेकांना त्यात भाषेचा वारसा सोडल्यासारखे वाटले. या वादात दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. जुनी नावे टिकावीत हे खरे, कारण ती व्यवहारात आहेत, पाढ्यांत आहेत, आजीच्या तोंडी आहेत. आणि केवळ नावावरून दशक-एककांची रचना मुलाला कळत नाही, हेही तितकेच खरे. नावातून जे ऐकू येत नाही ते डोळ्यांना आणि बोटांना कसे उमगेल, हा प्रश्न यातून पुढे येतो आणि तिथे कलेचा संबंध येतो.

कला म्हणजे येथे गणिताच्या पाटीभोवती काढलेली वेलबुट्टी नव्हे. संख्यांच्या तक्त्याला रंगीत किनार लावणे, अंकांना नाक-डोळे काढणे, एककाला ससा व दशकाला हत्ती म्हणणे, असे प्रकार हौसेने केले जातात आणि त्यांत काही वाईट नाही, परंतु त्यांनी संख्येची रचना तसूभरही अधिक स्पष्ट होत नाही. उलट हत्ती हा सशाच्या दहापट असतो की कितीपट, असा भलताच प्रश्न उभा राहतो. ज्या कलाकृतीत आकृतीची रचना आणि संख्येची रचना एकच असते, म्हणजे मोजणी चुकली तर नक्षीही बिघडते आणि नक्षी बिघडलेली दिसली की मोजणी तपासावीशी वाटते, तीच कलाकृती या पुस्तकाच्या दृष्टीने उपयोगाची. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात ज्ञानाची तीन रूपे सांगितली होती: हाताने केलेली कृती, डोळ्यासमोरची प्रतिमा आणि शेवटी संकेतचिन्ह. शाळेत बहुतेक वेळा काड्या मोजून झाल्या की थेट अंकांवर उडी मारली जाते व मधली पायरी पुस्तकातल्या छापील चित्रावर भागवली जाते. मुलाने स्वतः काढलेले चित्र ही मधली पायरी भरून काढते, कारण ते कृतीही असते आणि प्रतिमाही. आणि आपण काय समजलो आहोत हे मूल त्यात नकळत लिहून ठेवत असल्यामुळे शिक्षकाला ते वाचताही येते.

महाराष्ट्रातील घरांच्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी हे या दृष्टीने सर्वांत समृद्ध साधन आहे. दहा ओळींत दहा-दहा ठिपके दिले की शंभर ठिपक्यांचा चौक होतो. त्यातली एक आडवी ओळ रेषेने जोडली की दशक झाला, चार ओळी जोडून पाचव्या ओळीतले सात ठिपके नुसते गडद केले की ४७ झाले, आणि शंभराला किती कमी आहेत हे न मोजता दिसू लागते, कारण पाच पूर्ण ओळी आणि तीन ठिपके कोरे राहिलेले असतात. हे काम चिमटीने करताना शंभर ही संख्या मुलाच्या हातांना कळते: शंभर ठिपके देण्यास किती वेळ लागतो, पाठ कितपत वाकते, रांगोळी किती संपते, हा अनुभव ‘दहा दहे शंभर’ म्हणण्यातून येत नाही. ओळी सरळ येण्यासाठी मोठी माणसे छिद्रे पाडलेला कागद वापरतात; मुलांनी तो आरंभी वापरू नये, असे या पुस्तकाचे मत आहे, कारण कागदाने दिलेले शंभर ठिपके मोजलेले नसतात.

परंतु रांगोळीचा खरा चमत्कार चौकोनी मांडणीत नसून मधल्या ठिपक्यांच्या मांडणीत आहे. ज्या रांगोळीत पुढच्या ओळीचे ठिपके मागच्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या मधोमध देतात आणि दोन्ही अंगांनी एकेक ठिपका कमी करत जातात, तिला ‘नऊ ते पाच’, ‘पंधरा ते आठ’ अशी नावे असतात. नऊ ते पाच या रांगोळीत मधल्या ओळीत नऊ ठिपके आणि वर-खाली आठ, सात, सहा, पाच असे ठिपके येतात. त्यांची बेरीज ६१ भरते. आता ही षट्कोनी आकृती मध्यबिंदूपासून पाहिली, तर मधला एक ठिपका सोडून उरलेल्या ठिपक्यांच्या सहा पाकळ्या पाडता येतात आणि प्रत्येक पाकळीत एक, दोन, तीन व चार अशा वाढत्या ओळींचे मिळून बरोबर दहा ठिपके येतात. म्हणजे सहा पाकळ्या म्हणजे सहा दशक आणि मधला ठिपका म्हणजे एक एकक: ६१ ही संख्या फुलाच्या रूपात अंगणात उमललेली असते. संख्येच्या नावाशीही तिची सांगड बसते, कारण ‘एकसष्ट’ म्हणताना जिभेवर आधी येणारा एक हा रांगोळीत मधोमध बसलेला आहे आणि मागून येणारे साठ त्याच्याभोवती फिरलेले आहेत. मग हीच संख्या पाटीवर लिहिताना पाकळ्यांचे सहा डावीकडे आणि मधल्या ठिपक्याचा एक उजवीकडे का लिहायचा, हा प्रश्न मुलाला विचारता येतो, आणि तो विचारण्याजोगा आहे. सर्वच रांगोळ्या अशा दहाच्या चालीने चालत नाहीत, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. पंधरा ते आठ या रांगोळीत १६९ ठिपके असतात आणि तिच्या सहा पाकळ्या प्रत्येकी २८ ठिपक्यांच्या पडतात. ती रांगोळी सुंदर आहे, मोठ्या मुलांना त्रिकोणी संख्या शिकवण्यास उत्तम आहे, परंतु स्थानिक किमतीच्या पहिल्या पाठासाठी तिचा उपयोग नाही. कोणतीही नक्षी घेऊन तिच्यात गणित ‘शोधत’ बसण्यापेक्षा हवी ती संख्यारचना ज्या नक्षीत मुळातच आहे ती निवडणे, हे शिक्षकाचे काम आहे.

रांगोळीने आणि माळेने गटाची कल्पना पक्की होते. जागेची कल्पना त्यांनी आपोआप येत नाही. दहा झेंडूंचा एक सर, दहा सर एका काठीला बांधून केलेला शंभर फुलांचा पडदा, ही साधने आकारानेच आपली किंमत सांगतात, आणि म्हणून ती कोणत्या बाजूला टांगली याने काहीच बिघडत नाही. मारिया माँटेसरी यांचे सोनेरी मणी, म्हणजे एक मणी, दहा मण्यांची काडी, शंभरांचा चौरस आणि हजाराचा घन, किंवा हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्तान दिनेश यांचे लाकडी ठोकळे, ही जगभर वापरली जाणारी साधनेही याच जातीची आहेत. त्यांचे मोल मोठे आहे, पण त्यांच्यापाशीच थांबले तर मुलाला ‘मोठे दिसते ते मोठे’ एवढेच कळते, आणि ९ व १० मध्ये नऊचे चिन्ह मोठे असूनही दहा मोठे का, हे कळत नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यावर मुद्दाम अशी कला निवडावी लागते की जिच्यात आकार, रंग व चिन्ह सारखेच राहतील आणि फक्त जागा बदलेल.

ठशांचे काम यासाठी फार चांगले. कागदाला घड्या घालून तीन उभे पट्टे पाडायचे, उजवीकडचा पट्टा एककाचा, मधला दशकाचा, डावीकडचा शतकाचा, आणि बटाट्यावर कोरलेला एकच ठसा एकाच रंगात बुडवून सगळ्या पट्ट्यांत उमटवायचा. डावीकडे तीन, मध्ये दोन आणि उजवीकडे चार ठसे उमटले की ३२४. ठसे एकूण नऊच असतात, पण संख्या तीनशे चोवीस असते, आणि यातले आश्चर्य मुलांना जाणवू द्यावे. भेंडी आडवी कापून केलेला ठसा अधिक सुरेख येतो, पण त्यात पाकळ्यांचे कप्पे दिसतात व मुले ठशांऐवजी कप्पे मोजू लागतात, म्हणून या कामासाठी तो टाळलेला बरा. तोच कागद उलटा फिरवला की ३२४ चे ४२३ होते. एकही ठसा न वाढवता संख्या नव्व्याण्णवांनी वाढली, हे पाहिल्यावर जागेचे सामर्थ्य वेगळे सांगावे लागत नाही. शून्याची खरी ओळखही येथेच होते. ‘तीनशे पाच’ ऐकून ३००५ किंवा ३५ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. पहिल्या चुकीत मूल ऐकले तसे लिहिते, म्हणजे आधी ३०० आणि मग ५, तर दुसऱ्या चुकीत ते रिकामे घर वगळून टाकते. ठशांच्या कागदावर मधला पट्टा कोरा राहिलेला दिसतो, पण कागदाच्या घड्या नाहीशा केल्या तर तो कोरेपणा ओळखायचा कसा, हा प्रश्न निर्माण होतो, आणि त्याचे उत्तर म्हणून शून्य पुढे आले की ते मुलाने स्वतः मागितलेले चिन्ह ठरते.

रंगांविषयी एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. अनेक शैक्षणिक साहित्यांत एककांना एक रंग, दशकांना दुसरा आणि शतकांना तिसरा देण्याची चाल आहे, आणि प्रारंभी ती सोयीची वाटते. परंतु काही आठवड्यांनी मूल जागेकडे न पाहता रंगाकडे पाहून किंमत सांगू लागते, म्हणजे पुन्हा नाणेघाटातल्या पद्धतीकडे वळते, जेथे दहासाठी वेगळे चिन्ह आणि शंभरासाठी वेगळे चिन्ह होते. लाल मणी म्हणजे दहा, असे एकदा मनात ठसले की काळ्या शाईने लिहिलेल्या ४७ मधला चार त्याला पुन्हा मुका होतो. म्हणून गट ओळखण्यासाठी रंग वापरावा, पण जागा शिकवताना तो काढून घ्यावा, आणि हा बदल मुलांना सांगून करावा.

वस्त्रकला आणि स्थानिक किंमत यांचा मेळ माणसाने एकदा पूर्णत्वाला नेला होता, हे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांमधल्या इंका लोकांच्या क्विपूवरून दिसते. क्विपू म्हणजे एका मुख्य दोरीला लोंबणाऱ्या अनेक दोऱ्यांचा झुबका. प्रत्येक दोरीवर ठरावीक उंचीवर गाठी मारून संख्या नोंदवत, सर्वांत खालच्या जागी एकक, त्याच्या वर दशक, त्याच्याही वर शतक, आणि एखाद्या जागी काही नसेल तर तेथे दोरी मोकळीच सोडत. एककांच्या जागी विशिष्ट प्रकारची वळणे घेतलेली लांब गाठ मारल्यामुळे संख्या कोठे संपते हेही कळत असे. लेलंड लॉक यांनी १९१२ मध्ये या गाठींची दशमान रचना उलगडून दाखवली. आडव्या ओळीत लिहिणे हा स्थानिक किमतीचा प्राण नसून क्रमाने ठरवलेली जागा हा तिचा प्राण आहे, ही गोष्ट मुलाला क्विपूमुळे फार सहज पटते. सुतळीवर स्वतःचे जन्मवर्ष गाठींनी बांधणारे मूल २०१७ मधल्या शून्यासाठी किती दोरी मोकळी सोडावी याचा जो विचार करते, तो विचार वहीत २०१७ लिहिताना त्याला कधीच करावा लागत नाही.

बेरीज-वजाबाकी शिकवताना आपल्याकडे ‘हातचा’ आणि ‘उसना’ हे शब्द वापरतात, आणि त्यांनी जितकी सोय केली तितकाच गोंधळही केला आहे. ४७ आणि ३८ फुले एकत्र केली की सात आणि आठ सुटी फुले पंधरा होतात; त्यांतली दहा ओवून एक नवा सर तयार होतो व आधीच्या सात सरांत जाऊन बसतो, म्हणून आठ सर आणि पाच फुले, अर्थात ८५. येथे ‘हातचा एक’ म्हणजे दहा फुलांचा सर असतो, पण वहीच्या कोपऱ्यात लिहिलेला बारीक १ तसे काही सांगत नाही. वजाबाकीत तर ‘उसना’ हा शब्द सरळसरळ फसवा आहे, कारण उसने घेतलेले परत करायचे असते आणि येथे परत काहीच केले जात नाही. ५२ मधून २७ काढताना पाचांतला एक सर सोडून त्याची फुले सुटी केली, म्हणजे चार सर आणि बारा फुले झाली, त्यांतून दोन सर आणि सात फुले काढली, दोन सर आणि पाच फुले उरली. ओवणे आणि उसवणे या दोन क्रिया हातांनी केलेल्या मुलाला ही उदाहरणे नियम म्हणून पाठ करावी लागत नाहीत. ‘सर सोडणे’ हा शब्दप्रयोग ‘उसना घेणे’ याच्या जागी रुळला, तर मराठी शाळांचे भलेच होईल.

या विचाराची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडण्याजोगी नव्हती, आणि म्हणून परिसरातील पाने, फुले, बिया, शंख-शिंपले व खडे यांतून शिकण्याचे साहित्य उभे केले गेले. गरजेपोटी स्वीकारलेली ही वाट शिक्षणाच्या दृष्टीने अधिक श्रेयस्कर ठरली, असे आज म्हणता येते, कारण चिंचोक्यांचे ढीग करणारे मूल परक्या वस्तूला हात लावत नव्हते. झोल्तान दिनेश यांचाही आग्रह असाच होता की एकच गणिती कल्पना निरनिराळ्या रूपांतून भेटावी, म्हणजे रूप गळून कल्पना मागे उरते. चिंचोके, ठिपके, सर, ठसे आणि गाठी यांतून तीच दहाची चाल पुन्हा पुन्हा भेटणे हे त्या तत्त्वाचे पालनच होय. बोर्डी आणि कोसबाड ज्या डहाणू परिसरात आहेत, तिथल्या वारली चित्रकलेविषयी मात्र संयम हवा. दोन त्रिकोण जोडून काढलेल्या मानवाकृती मोजायला सोप्या असल्यामुळे त्या गणिताच्या तक्त्यांवर सर्रास येऊ लागल्या आहेत. पण लग्नाच्या वेळी सवाशिणींनी भिंतीवर लिहिलेला देवचौक हा पूजेचा विषय आहे, आणि त्याचे एकक-दशकांचे कोष्टक करणे योग्य नव्हे. तारप्याच्या नाचातली माणसांची साखळी मुलांनी आपल्या हाताने काढावी, दहा-दहा नाचणाऱ्यांच्या साखळ्या मोजाव्यात, आणि त्याआधी तो नाच काय आहे हे त्या भागातील मुलांकडूनच इतरांनी ऐकावे.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत संख्याज्ञान यावे असे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि त्यामुळे शिक्षकांवर वेळेचा ताण आहे, याची या पुस्तकाला जाणीव आहे. शंभर ठिपके देण्यात अख्खा तास जातो व फुले ओवण्यात दोन, ही तक्रार खरी आहे. परंतु हा वेळ वाचवण्यासाठी शिक्षकाने स्वतः सुबक तक्ता करून भिंतीवर लावला, तर शिकतो तो शिक्षक. मुलांचे काम वेडेवाकडे होईल, एखाद्या सरात नऊ फुले निघतील, एखाद्यात अकरा, आणि ती चूक कुणी दाखवण्याआधी इतर सरांच्या शेजारी टांगल्यावर लांबीवरूनच उघड होईल. असे सर फेकून न देता ते पुन्हा ओवायला वेळ द्यावा. प्रदर्शनासाठी निवडक कामे मांडण्याची सवयही या विषयात अपायकारक आहे, कारण संख्येचा अर्थ सगळ्यांच्या सरांच्या बेरजेत असतो, सर्वांत सुंदर सरात नव्हे.

तिसरीच्या वर्गाने हजारापर्यंत पोचावे, यासाठी या पुस्तकात माळांचेच काम सर्वांत शेवटी ठेवले आहे आणि ते एका दिवसात उरकू नये असे सुचवले आहे. रोज थोडी फुले ओवत, सर काठ्यांना बांधत, फळ्यावर त्या दिवसाची संख्या लिहीत गेले की एका दिवशी वर्गात नऊ पडदे, नऊ सर आणि नऊ सुटी फुले होतात आणि फळ्यावर ९९९ असते. दुसऱ्या दिवशी फक्त एक फूल आणावे. ते ओवले की सुट्या फुलांचा सर पुरा होतो. तो काठीला बांधला की सरांचा पडदा पुरा होतो. तो उरलेल्या नऊ पडद्यांशेजारी टांगला की दहा पडद्यांचे हजार फुलांचे तोरण दारावर चढते. एका फुलाने लागोपाठ तीन गाठी बसतात, सुटे फूल, सुटा सर, सुटा पडदा यांतले काहीही हाती उरत नाही, आणि फळ्यावर एकाच्या पुढे तीन रिकामी घरे लिहायची असतात.